चिनी दगडी शिक्के: वरचा सिंह बघायचा की खालचा तळ?

तळटीप

आपल्या मंचावरच्या 'जुन्या वस्तू ओळखा' धाग्यावर गेल्या आठवड्यात कुणीतरी पिवळट दगडाच्या चिनी शिक्क्याचा फोटो टाकला होता. वर सिंह, खाली चौकोनी खांब. प्रतिसाद भरपूर आले आणि झाडून सगळे सिंहावर! आयाळ किती बारीक कोरलीय, दगडाला चकाकी कशी आहे, विकला तर किती येतील. तळाचा फोटो कुणी मागितलाच नाही. म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं असं की चिनी शिक्का उलटा करून बघायला सुरुवात करावी. आधी तळ, मग बाजू, मग दगड आणि सगळ्यात शेवटी सिंह. हौशी मंडळी याच्या बरोब्बर उलट क्रमाने बघतात आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

थोडं मागे जाऊ. कागद यायच्या आधी चीनमध्ये बांबूच्या पट्ट्यांवर लिहीत. पट्ट्यांची जुडी दोरीने बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर शिक्का दाबायचा. गाठ सोडली की माती फुटणार, म्हणजे वाटेत कुणी उघडून वाचलं तर कळणार. मातीत अक्षर उठून दिसायचं तर शिक्क्यावर ते खोल खोदलेलं हवं, म्हणून हान घराण्याच्या काळातले (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) बहुतेक शिक्के खोदीव अक्षरांचे. पुढे कागद आला, लाल शाई आली. तोच खोदीव शिक्का कागदावर उमटवला की लाल चौकोनात पांढरी अक्षरं दिसतात. उलट, अक्षर तेवढं ठेवून भोवतालचा दगड काढून टाकला तर पांढऱ्यावर लाल अक्षरं येतात. चिनी लोक या दोन जातींना सरळ 'पांढरी अक्षरं' आणि 'लाल अक्षरं' म्हणतात. कुठलाही शिक्का हातात आला की पहिला प्रश्न हाच.

हे जुने शिक्के कांस्याचे, सोन्याचे, जेडचे. ते करणारे कारागीर निनावी राहिले. दगडाने हे चित्र बदललं. युआन काळात वांग म्येन (मृत्यू १३५९) नावाचा चित्रकार मऊ दगडावर आपले शिक्के आपणच कोरायचा असं सांगतात. मग मिंग काळात सूझोऊचा वेन पेंग (१४९८-१५७३). हा आधी हस्तिदंतावर अक्षरं रेखून द्यायचा आणि कोरायला कारागिराकडे सोपवायचा. नानजिंगला असताना गाढवावर दगड लादून आलेल्या एका म्हाताऱ्याचं आणि दुकानदाराचं पैशांवरून भांडण चाललेलं त्याला दिसलं. याने ते मिटवलं आणि सगळे दगड स्वतःच विकत घेतले, अशी गोष्ट आहे. चच्यांग प्रांतातल्या छिंगत्येनचा तो दगड इतका मऊ की साध्या पोलादी सुरीने कोरता येतो. त्यानंतर त्याने हस्तिदंत जवळपास सोडलाच. लिहिणारा हात आणि कोरणारा हात एक झाला, आणि शिक्का कारागिरीतून उठून कविता, सुलेखन, चित्र यांच्या पंगतीला जाऊन बसला.

म्हणून तळ आधी. तिथे त्या माणसाचा हात दिसतो.

कर्दळ

मस्त धागा, वाचनखूण साठवली. पण मी आपली सरळ व्यवहारी माणूस. २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात एक लाल दगडाचा शिक्का दोन कोटी युरोंच्या वर गेल्याचं वाचलेलं आठवतं. त्याच्यावर तर नऊ ड्रॅगन होते ना? मग लोकांनी वरचंच बघितलं की!

तळटीप

कर्दळ, तो शिक्का सम्राट छ्येनलोंगचा होता (राज्यकाळ १७३५-१७९६). अंदाज होता आठ ते दहा लाख युरोंचा आणि गेला २.१ कोटींना. ड्रॅगन देखणे होतेच. पण तेच नऊ ड्रॅगन एखाद्या सामान्य कारकुनाच्या शिक्क्यावर असते तर ही किंमत आली असती का? पैसे मोजले गेले ते तळाच्या मजकुरासाठी. २०२१ मध्ये हाँगकाँगला त्याच सम्राटाचा पांढऱ्या जेडचा शिक्का १४.५ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला, तिथेही तेच.

राजघराण्याच्या शिक्क्यांची एक सोय असते. त्यांचे ठसे दरबारी नोंदवह्यांत उमटवून ठेवलेले आहेत, त्यामुळे लिलावाआधी तळ ताडून बघता येतो. तुमच्या-आमच्या हाती येणाऱ्या वस्तूंना ही सोय नाही.

अवांतर: या छ्येनलोंगला शिक्क्यांचं अक्षरशः वेड होतं. स्वतःचे हजाराहून जास्त शिक्के! संग्रहातल्या प्रत्येक जुन्या चित्रावर ते उमटवायची खोड. चौथ्या शतकातला थोर सुलेखनकार वांग शीझ याच्या नावाने जपलेल्या सुलेखनाच्या चिमुकल्या तुकड्याभोवती याने शिक्क्यांची इतकी गर्दी केलीय की मूळ ओळी शोधाव्या लागतात. मला हा माणूस रसिक कमी आणि हावरट जास्त वाटतो, पण ते माझं मत.

गडवाट

शिक्का म्हटलं की आपल्याला 'प्रतिपच्चंद्रलेखेव' आठवतं. अष्टकोनी राजमुद्रा पत्राच्या माथ्यावर आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते'. तिथून पुढे एक अक्षर जरी लिहिलं तरी ते खोटं, हे उघड. आपल्याकडे शिक्का म्हणजे सत्ता. चीनमध्ये तो कलावस्तू कसा झाला हे अजून नीट उमगलं नाही.

तळटीप

गडवाट, तिकडेही सत्ता होतीच की. पहिला सम्राट छिन शी ह्वांग याने शिक्क्यासाठीचा एक खास शब्दच सम्राटापुरता राखून ठेवला होता. त्याची जेडची राजमुद्रा पुढे शेकडो वर्षं घराण्यांकडून घराण्यांकडे गेली. ती ज्याच्याकडे तो खरा सम्राट, असा समज. दहाव्या शतकाच्या आसपास ती हरवली आणि त्यानंतर 'सापडली' म्हणून कितीतरी पुढे आल्या.

हान दरबार मांडलिकांना सोन्याचे शिक्के पाठवायचा. त्यातला एक १७८४ मध्ये जपानात फुकुओकाजवळच्या शिकानोशिमा बेटावर शेतात सापडला. तळ जेमतेम २.३ सेंटीमीटर आणि वर साप. इ.स. ५७ मध्ये 'ना' राज्याच्या दूताला दिलेला तोच हा, असं मानतात. चीनच्या युनानमध्ये १९५६ साली थडग्यात सापडलेल्या 'द्येन'च्या राजाच्या सोन्याच्या शिक्क्यावरही साप आहे. म्हणजे त्या काळी वरचा प्राणी हौसेचा नव्हता, दर्जा दाखवायचा. सम्राटाला ड्रॅगन, मोठ्या अधिकाऱ्यांना कासव, उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांच्या नायकांना उंट. या शिक्क्यांच्या बाबतीत मी माझा नियम मोडतो आणि आधी प्राणी बघतो.

कला झाली ती खासगी शिक्क्यांमुळे. विद्वान माणसाकडे एक शिक्का नसायचा, डझनांनी असायचे. नावाचा, टोपणनावाचा, अभ्यासिकेचा, संग्रहाचा. आणि शिवाय निव्वळ मनातलं वाक्य कोरलेले, ज्यांना सत्तेशी काही देणंघेणं नाही. हुनानचा सुतार छी पायशी (१८६४-१९५७) पुढे मोठा चित्रकार झाला. त्याच्या एका शिक्क्याचा मजकूर काय? 'तीनशे दगडी शिक्क्यांचा धनी'. तरुणपणी त्याने कोरणं कसं शिकायचं असं विचारलं तेव्हा एकाने सांगितलं की गाडाभर दगड आण, कोर, घासून काढ, परत कोर. खाऊचे तीन-चार डबे दगडाच्या चिखलाने भरले की जमेल. त्याने तेच केलं. त्याचे शिक्के बघा. सुरीचा फटका एकाच बाजूने मारलेला, रेषेची एक कड साफ आणि दुसरी कड तुटकी. ती तुटकी कड तो दुरुस्त करत नाही. त्याच्याआधीच्या पिढीतला वू छांगश्वो (१८४४-१९२७) तर कोरून झाल्यावर कडा मुद्दाम ठोकून झिजवायचा. हांगझोऊच्या पश्चिम सरोवराकाठी १९०४ साली स्थापन झालेल्या शीलिंग शिक्का-मंडळाचा तो पहिला अध्यक्ष.

भूस्तर

दगडांबद्दल मी लिहितो, रोजचा धंदा आहे.

सगळे जण यांना 'सोपस्टोन' म्हणतात. शंखजिरं नव्हे हे. यातले बहुतेक दगड पायरोफिलाइट किंवा डिकाइट या मऊ खनिजांच्या गटातले. कठीणपणा मोहसच्या एक ते दहाच्या मापावर दोन ते तीनच्या आसपास, म्हणजे तांब्याच्या नाण्याने ओरखडा उठू शकतो. मुख्य जागा चार: फूच्येन प्रांतातलं शौशान, चच्यांगमधली छिंगत्येन आणि छांगह्वा, आणि आतल्या मंगोलियातलं पालिन.

शौशानचा राजा म्हणजे थ्येनह्वांग, शब्दशः 'शेतातला पिवळा'. डोंगरातून निखळलेले गोटे भातखाचरांच्या मातीत युगानुयुगं मुरले आणि मधासारखे पिवळे झाले. खाण नाही, शिरा नाही, चिखल उपसून गोटा मिळाला तर मिळाला. आत मुळ्याच्या गरात दिसतात तसे बारीक धागे, कधी लाल शीर, बाहेर साल. गोट्याचा चुरा वाया जाऊ नये म्हणून कोरणारे त्याला चौकोनी करतच नाहीत, आहे त्या वेड्यावाकड्या आकारावर उथळ नक्षी काढतात. तेव्हा कुणी एकसारखे धारदार कोपरे असलेला मोठा चौकोनी 'थ्येनह्वांग' स्वस्तात देत असेल तर लांबूनच नमस्कार करा.

छांगह्वाचा प्रसिद्ध दगड 'कोंबडीच्या रक्ताचा'. तो लाल रंग म्हणजे हिंगूळ, पाऱ्याचं खनिज. उन्हात ठेवला तर वर्षांनुवर्षांनी काळवंडतो. नकली मालात साध्या दगडावर लाल रंग आणि वर राळेचा थर असतो. खरा लाल रंग दगडात आतपर्यंत गेलेला दिसतो, नकली एकाच पातळीवर तरंगतो. हाताला गार लागत नसेल तर शंका घ्या. काही जण तापलेली सुई टोचून बघतात. राळ वितळते, पण वस्तू दुसऱ्याची असेल तर हा उद्योग करू नये हे सांगायला नकोच.

उंटावरचा शहाणा

तळटीप यांनी दगडाला तिसरा नंबर दिलाय. पण चीनमध्येच म्हण आहे ना, की एक तोळा थ्येनह्वांग म्हणजे तीन तोळे सोनं? त्याच्यावर अक्षर कोरलेलं नसलं तरी किंमत आहेच. मग तुमचा क्रम कोसळला!

तळटीप

थ्येनह्वांगपुरता कोसळला, मान्य. छ्येनलोंगचा एकाच थ्येनह्वांगमधून कोरलेल्या साखळीने जोडलेल्या तीन शिक्क्यांचा संच आहे. शेवटच्या सम्राटाने, पुयीने, तो कपड्याच्या अस्तरात लपवून अनेक वर्षं जवळ बाळगला होता म्हणतात. आता बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. तिथे दगड, कोरीवकाम, मजकूर सगळंच अव्वल. पण बाजारात जो पिवळा दगड शंभरात नव्याण्णव वेळा दिसतो तो थ्येनह्वांग नसतोच. मग उरतं काय? तळ आणि बाजू.

बाजूबद्दल लिहायचं राहिलं. कोरणारा शिक्क्याच्या उभ्या बाजूवर छोट्या अक्षरांत कधी, कुठे, कुणासाठी ते कोरतो. हांगझोऊच्या दिंग जिंगने (१६९५-१७६५) हे फार वरच्या पातळीला नेलं. काहींच्या बाजूवर चक्क छोटा निबंध असतो. जाणकार या बाजूचा शाईने कागदी ठसा काढून ठेवतात.

एक धोका आहे. जुना शिक्का विकत घेणाऱ्याला मागच्या मालकाच्या नावाचा काय उपयोग? तो तळ घासून नवीन नाव कोरून घ्यायचा. त्यामुळे जुना दगड, जुना सिंह, जुनी बाजू आणि तळ मात्र नंतरचा, असा प्रकार सर्रास सापडतो. बाजूवर लिहिलंय 'अमुक मित्रासाठी चार अक्षरं कोरली' आणि तळावर दोनच अक्षरं असतील तर तळ बदललाय असं समजा.

माहीमची आजी

हा धागा वाचून मीही कपाट उघडलं. आमचे हे बोटीवर होते. त्यांनी कधीतरी शांघायहून आणलेला शिक्का आहे. वर सिंहच आहे बाई, पंजाखाली चेंडू घेतलेला. दगड हिरवट-पिवळा. तळावर दोन अक्षरं. नातवाने स्टँपपॅडवर दाबून कागदावर उमटवला तर लाल चौकोनात पांढरी अक्षरं आली. बाजूला बारीक ओरखड्यांसारखं लिहिलेलं आहे. घरात सगळे 'शंभर वर्षांचा आहे' म्हणतात. फोटो नातवाने चढवलेत. आणि एका कोपऱ्यात लाखेचा छोटा तांबडा ठिपका चिकटलाय तो काय, काढून टाकू का?

हाँगकाँगस्थ

आजी, तो ठिपका अजिबात काढू नका!

चीनमधून जुनी वस्तू बाहेर न्यायची तर सरकारी तपासणी लागते आणि पास झालेल्या वस्तूवर असा लाखेचा शिक्का लावतात. सरकारी दुकानांतून परदेशी लोकांना विकलेल्या जुन्या मालावर तो असायचा. नियम पुढे कडक झाले. २००७ पासून १९११ च्या आधीच्या वस्तू बाहेर न्यायला साधारणपणे बंदी आहे. म्हणजे तुमची लाख हा त्या वस्तूचा सनदशीर बाहेर आल्याचा दाखला आहे. शिवाय नव्याकोऱ्या कलाकुसरीला सहसा अशी लाख लावायची गरज पडत नाही.

फोटो मोठे करून बघितले. तळ: 'छांग ल', म्हणजे चिरकाल आनंद. फार लोकप्रिय शुभवचन, हान काळापासूनचं. बाजूला: 'बिंग-यिन, वसंत, शांघाय येथे' आणि शेवटी दोन अक्षरी सही, जी माझ्या ओळखीच्या कुठल्याही मोठ्या नावाशी जुळत नाही.

आता गंमत. बिंग-यिन हे वर्षाचं नाव आहे आणि ते आपल्या संवत्सरांसारखं दर साठ वर्षांनी परत येतं. म्हणजे १८६६, १९२६ किंवा १९८६. कुठलं?

कर्दळ

१९८६ असणार. पर्यटकांसाठी केलेला माल. माफ करा आजी.

माहीमची आजी

अगं पण हे ८३ साली निवृत्त झाले. त्यानंतर चीन सोड, मुंबईबाहेर जायलाही नाखूश असायचे.

भूस्तर

आजींनी एका ओळीत साठ वर्षं कापली :)

तळटीप

आजी, क्या बात है! मग १९२६ किंवा १८६६. मी १९२६ कडे झुकेन. तळाच्या कडा मुद्दाम ठोकून झिजवलेल्या दिसतात, बाजूची अक्षरं मात्र ताजी आहेत. ही वू छांगश्वोच्या ढंगाची नक्कल वाटते आणि १९२० च्या दशकात शांघायमध्ये त्याचाच बोलबाला होता. १८६६ मध्ये तो जेमतेम बाविशीत होता, त्याची नक्कल करणार कोण? तळ आणि बाजू एकाच हाताच्या वाटतात, म्हणजे घासून नव्याने कोरलेला नसावा. सिंह मात्र सुमार आहे, स्पष्ट सांगतो. दगड छिंगत्येनचा असावा, भूस्तर सांगतीलच.

लिलावात मोठी रक्कम येणार नाही. पण असा सरळ, खरा, ठिकाण-सालासकट शिक्का मी त्या परवाच्या पिवळ्या सिंहाच्या आधी उचलेन.

भूस्तर

छिंगत्येनच वाटतो. फोटोवरून इतकंच.

चोखंदळ

कायद्याचं दोन ओळींत. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती मुळात चिनी का असेना. म्हणजे १९२६ चा शिक्का परदेशी लिलावाला पाठवायचा विचारसुद्धा नको. आणि बाजारात हस्तिदंताचे चिनी शिक्के दिसले तर हात लावू नका, जुना आहे म्हटलं तरी खरेदी-विक्री बेकायदाच.

गडवाट

प्रत्यक्ष बघायला कुठे मिळतील? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातल्या चिनी वस्तू बघितल्यात. जेड, चिनीमाती, तपकिरीच्या चिमुकल्या बाटल्या.

हाँगकाँगस्थ

कोरीवकामाची नजर बसवायला त्या बाटल्या आणि जेडसुद्धा चांगले. शिक्के म्हणाल तर शांघाय संग्रहालय, आणि हांगझोऊला शीलिंग मंडळाच्या आवारालगतचं शिक्क्यांचं संग्रहालय. बीजिंगच्या राजवाड्यात ज्याओताय दालन चुकवू नका, छ्येनलोंगने ठरवलेल्या २५ राजमुद्रा तिथे ठेवायचे. हाँगकाँगला आलात तर शंग वानमधली मान वा गल्ली. टपऱ्याच टपऱ्या, तुमच्या नावाचा शिक्का करून देतात. बरेचसे आता मशीनवर कोरतात, हाताने कोरून हवा असेल तर आधी विचारून घ्या आणि थांबायची तयारी ठेवा.

माहीमची आजी

विकायचा नाहीच आहे रे. नातवाच्या पुस्तकांवर उमटवू का तेवढं सांगा. स्टँपपॅडने तर अक्षरांच्या कडा पसरल्या.

तळटीप

जरूर उमटवा, त्यासाठीच तो आहे. पण स्टँपपॅडची शाई नको. ती पातळ असते, पसरते आणि काही वर्षांत फिकी पडते. चिनी शिक्क्याचा लाल लगदा वेगळा: हिंगूळ, एरंडेल आणि दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचे कुटलेले तंतू. तंतू तेल धरून ठेवतात म्हणून ठसा जाडसर आणि स्वच्छ उमटतो. चीनहून येणाऱ्या कुणालाही चिनीमातीच्या डबीतला आणायला सांगा. शिक्का लगद्यावर दाबायचा नाही, हलकेच थोपटायचा. कागदाखाली जाड पुठ्ठा किंवा एखादं मासिक ठेवा. झालं की तळ मऊ कापडाने कोरडा पुसा. पाणी, साबण, टूथब्रश काही नको, लाखेवर तर मुळीच नको. आणि हिंगुळात पारा असतो, तेव्हा नातवाला हात धुवायला लावा.

हाँगकाँगस्थ

आणि आजी, आधी कोऱ्या कागदावर दोन-चार ठसे काढून इथे चढवा. ती दोन अक्षरी सही अजून लागलेली नाही, ठसा नीट असेल तर इथल्या एका कोरणाऱ्याला दाखवतो.